दोन लाल डबे आणि पाद्री लौनेला

माणसाला बोलतं करणं ही कला आहे आणि ती मला उपजत येते, असं माझं मार्चच्या दुसऱ्या गुरुवारी दुपारी दोन वाजताही ठाम मत होतं. सव्वातीनला ते मत गेलं. कसं गेलं ते सांगते, कारण गावात त्याच्या चार वेगवेगळ्या हकिगती फिरतायत आणि चारही हकिगतींत मी आहे त्यापेक्षा जास्त मूर्ख दिसते.

मी राकेल. लेप्पासालमीच्या लायब्ररीत एकवीस वर्षं आहे. लायब्ररी म्हणजे दोन खोल्या, चार हजार पुस्तकं आणि एक कॉफीचं यंत्र. आमच्या गावची माणसं वाचतात मात्र राक्षसासारखी. तळं गोठलं की घसरगाडीवर पिशव्या लादून येतात आणि पंधरा-पंधरा पुस्तकं घेऊन जातात. पण वाचलेल्याबद्दल बोलायचं म्हटलं की सगळ्यांच्या तोंडाला कुलूप.

"कसं वाटलं पुस्तक?" मी विचारते.

"वाचलं."

"आवडलं का पण?"

"परत आणलंय ना."

अशा माणसांचा मी वाचनकट्टा चालवते. नऊ जण, महिन्यातून एक गुरुवार. गेल्या ऑक्टोबरातल्या बैठकीत तासाभरात एकच वाक्य बोललं गेलं. "जाड आहे," असं उर्पो म्हणाला आणि बाकीच्यांनी त्यावर विचार केला.

उर्पोनं तीस वर्षं तळ्यावरची फेरीबोट चालवली. या काठावरून त्या काठावर सहा मिनिटं. त्या सहा मिनिटांत उतारूंशी बोलावं लागू नये म्हणून तो रहस्यकथा वाचायला लागला आणि मग दुसरं काही वाचेनासाच झाला. हिल्लेवीची बेकरी आहे. ती फक्त प्रेमकथा वाचते, त्याही पीठ फुगायला ठेवलेलं असतं तेवढ्या वेळात. तिचा नवरा आर्मास गेल्या सप्टेंबरात वारला, तेव्हापासून ती जरा जास्तच वाचते. तिसऱ्या अल्लीबाई. वय एकोणऐंशी. अर्ध्या गावाला त्यांनी गणित शिकवलंय, मलाही. त्यांना लागतात ध्रुवावरच्या मोहिमांची पुस्तकं. जितकी माणसं गोठून मरतील तितकं पुस्तक चांगलं, हा त्यांचा हिशोब.

हे तिघं एकमेकांच्या पुस्तकांकडे ज्या नजरेनं बघतात, त्या नजरेनं आपण दुसऱ्याच्या घरातल्या ओल्या मोज्यांकडे बघतो. तेव्हा फेब्रुवारीत मी ठरवलं की तिघांनी आपापलं लाडकं एक-एक पुस्तक द्यायचं आणि ती तिन्ही पुस्तकं सगळ्यांनी वाचायची. एक नंबर उर्पोची रहस्यकथा, दोन नंबर हिल्लेवीची प्रेमकथा, तीन नंबर अल्लीबाईंची ध्रुवमोहीम. तोंडानं बोलवत नाही ना, तर मग चिठ्ठी लिहा. चिठ्ठीवर नाव नको, पुस्तकाचंही नाव नको, नुसता नंबर आणि मनात येईल ते. चिठ्ठी डब्यात टाकायची, बैठकीत मी वाचून दाखवणार. डबा म्हणजे कॉफीचा रिकामा लाल डबा, झाकणाला चीर पाडलेला.

ही कल्पना मला इतकी आवडली की मी ती औने रौतालांना सांगितली. हीच माझी पहिली चूक.

औने रौताला आमच्या चर्चच्या कमिटीच्या अध्यक्ष. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, खुंटीसारख्या ताठ. त्यांच्या अंगणात बर्फसुद्धा सरळ रेषेत पडतो असं लोक म्हणतात. त्यांना त्या महिन्यात एक मोठा निर्णय घ्यायचा होता. पाद्री लौनेला वर्षभरासाठी हंगामी म्हणून आले होते, आता त्यांना कायम करायचं की नाही? लौनेला म्हणजे उंच, वाकलेला, दारातून आत येतानाच आधी माफी मागितल्यासारखा दिसणारा माणूस. बायको आणि दोन मुली घेऊन दक्षिणेकडून आले. मुली इथे स्कीइंग शिकल्या, बायको गावच्या गायनमंडळात गेली. त्यांच्याबद्दल गावाला काय वाटतं हे मात्र कोणालाच माहीत नव्हतं, कारण गावानं सांगितलंच नव्हतं.

"तुझ्यासारखाच डबा मला दे," औने म्हणाल्या. "आणि तो तुझ्याकडेच ठेव. चर्चमध्ये ठेवला तर ते स्वतः तिथे उभे असतात. त्यांच्यासमोर कोण टाकणार?"

मग मीच त्यांना नंबरांची पद्धत शिकवली. एक म्हणजे पाद्रीसाहेबांच्या घरभेटी, दोन म्हणजे प्रवचन, तीन म्हणजे अंत्यविधी. डबा तसलाच लाल, चिठ्ठ्या तसल्याच पिवळ्या. एका डब्यावर मी कागद चिकटवला, 'पुस्तकं'. दुसऱ्यावर 'पाद्री'. आणि दोन्ही डबे कोट टांगायच्या जागेजवळ, हीटरच्या वरच्या फळीवर ठेवले.

बुधवारी संध्याकाळी दोन्ही झाकणांच्या चिरांवर मी चिकटपट्टी लावली. गुरुवारी सकाळी येऊन बघते तर हीटरच्या उष्णतेनं खळ सुटलेली आणि दोन्ही कागद जमिनीवर. आत डोकावून बघता आलं असतं. पण गुप्तता म्हणजे गुप्तता, तो नियम माझाच होता. मी डोळे मिटून आठवलं, डावीकडचा पुस्तकांचा, उजवीकडचा पाद्रीसाहेबांचा. आणि कागद पुन्हा चिकटवले, या वेळी चांगले घट्ट. बारा वाजता औने आल्या, 'पाद्री' लिहिलेला डबा काखेत मारून गेल्या. त्यांची कमिटी तीनला बसायची होती.

दोन वाजता आमचा कट्टा जमला. नऊ माणसं, नऊ कप, हिल्लेवीचे वेलचीचे बन. मी झाकण उघडलं. डब्यात अपेक्षेपेक्षा बऱ्याच जास्त चिठ्ठ्या होत्या. माझा ऊर भरून आला. काही जणांनी दोन-दोन, तीन-तीन लिहिल्या असणार, असं मी समजले.

"एक नंबर," मी वाचलं. "'लवकर आटपतं, ही जमेची बाजू.'"

उर्पोनं मान वर केली. "लवकर? चारशे ऐंशी पानं आहेत."

एवढं मोठं वाक्य त्याच्या तोंडून मी नऊ वर्षांत ऐकलं नव्हतं. मी घाईघाईनं पुढची काढली.

"'एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना फार आधार वाटतो.'"

"चार खून आहेत त्यात," उर्पो म्हणाला. "चारही एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांचे."

"मला वाटला आधार," अल्लीबाई म्हणाल्या. "पाचवी मी नव्हते."

"'आल्या आल्या निघायची घाई दिसते. जरा बसायला हवं.'"

यावर उर्पोनं बराच वेळ विचार केला. "हे खरं आहे," तो शेवटी म्हणाला. "तो इन्स्पेक्टर साक्षीदारांकडे बसतच नाही. मला पण खटकलं होतं ते."

"पण त्याच्या घरी आजारी आई आहे ना," कोपऱ्यातून मार्टी म्हणाला. मार्टी नळदुरुस्ती करतो आणि कट्ट्यावर फक्त बनसाठी येतो, असा माझा समज होता.

मंडळी बोलत होती. एकमेकांशी बोलत होती. मी दोन नंबरच्या चिठ्ठ्या घेतल्या.

"'फार लांब. पाय गार पडतात.'"

"पाय?" हिल्लेवी म्हणाली. "माझे तर कान तापले होते."

"'नरकाबद्दल आता काही नसतंच. पूर्वी असायचं.'"

"दुसऱ्या लग्नाचं प्रकरण कोणीतरी गाळलेलं दिसतंय," उर्पो म्हणाला, आणि मार्टी हसला. कट्ट्यावर कोणीतरी हसलं, हे मी नंतर वहीत लिहून ठेवलं.

"'मुलं बरोबर होती. तीही शेवटपर्यंत मन लावून ऐकत होती.'"

हिल्लेवीनं हातातला बन खाली ठेवला. "हे पुस्तक मुलांना कोणी वाचून दाखवलं?"

कोणी कबूल होईना. सगळे एकमेकांकडे संशयानं बघायला लागले. अल्लीबाई मार्टीकडे जरा जास्तच वेळ बघत होत्या, कारण त्याला तीन मुलं आहेत.

"मी नाही," मार्टी म्हणाला. "मी लपवून वाचलं. बॉयलरच्या खोलीत."

खरं तर इथेच माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती. पण एकवीस वर्षं वाट बघितल्यावर माणसं बोलायला लागली की घंटाबिंटा ऐकू येत नाहीत. मी तीन नंबरला हात घातला.

"'शांत. ऊबदार.'"

"उणे बेचाळीस अंश," अल्लीबाई म्हणाल्या. "तेवीस माणसं गेली, एक परत आला, तोही बोटांशिवाय. ऊब कोणाला वाटली? हात वर करा."

कोणी केला नाही.

"'माझ्या वेळीही असंच व्हावं.'"

"हा माणूस मात्र मला आवडला," त्या म्हणाल्या.

मग मी शेवटची चिठ्ठी उलगडली. बारीक, उतरतं अक्षर होतं.

"'आवाज थरथरत होता. पण आमच्या माणसाला मातीत ठेवताना त्यांनी माझा हात शेवटपर्यंत धरून ठेवला. हातमोजा काढून धरला. त्यांना जाऊ देऊ नका.'"

सगळ्यांनी कप खाली ठेवले. ही आमची नेहमीची शांतता नव्हती. नेहमीच्या शांततेत निदान कपांचा आवाज तरी येतो.

"राकेल," हिल्लेवी म्हणाली. "ती चिठ्ठी माझी आहे."

"फार सुंदर लिहिलंयस," मी म्हणाले. माझी अक्कल तोवर कुठे गेली होती कोण जाणे. "त्या मोहिमेतल्या माणसांशी तू किती एकरूप..."

"ती आर्मासच्या दफनाची आहे. मी ती पाद्रीसाहेबांच्या डब्यात टाकली होती."

मी डब्यात बघितलं, जणू तळाशी काही वेगळं उत्तर सापडणार होतं. अल्लीबाईंनी चष्मा काढून पुसला. चौथीत फळ्यापुढे उभं केल्यावर त्या असाच पुसायच्या.

"डबे दोन," त्या म्हणाल्या. "पाद्रीसाहेबांचा इथे आहे. तर मग पुस्तकांचा कुठे असेल, राकेल?"

"औने रौतालांकडे."

"कमिटी किती वाजता?"

"तीनला."

भिंतीवरच्या घड्याळात सव्वातीन वाजले होते.

त्यानंतर टेबलाभोवती एक विचित्र गोष्ट घडली. प्रत्येक जण आपण काय लिहिलं होतं ते आठवायला लागला. चेहरे एकेक करून पडत गेले.

"मी कुत्र्यांबद्दल लिहिलंय," उर्पो हळूच म्हणाला. "तीन नंबरला."

"म्हणजे अंत्यविधीला," अल्लीबाईंनी हिशोब केला.

"मी शर्टाबद्दल लिहिलंय," मार्टी म्हणाला. "दोन नंबर."

"प्रवचन."

"मी एक नंबरला लिहिलं," हिल्लेवी म्हणाली, "की असल्या सभ्य दिसणाऱ्या माणसावर कधी विश्वास ठेवू नये. कुंडीतलं झाड मेलं तेव्हाच मी ओळखलं, असं. त्याला मुली आहेत, राकेल. दोन मुली आहेत त्या माणसाला."

चर्चचं सभागृह लायब्ररीपासून फार तर आठशे मीटर. मी फोन केला, पण कमिटी बसली की औने फोन कोटाच्या खिशात घालून कोट बाहेर टांगतात. मग सगळे उठलेच. अल्लीबाईंची घसरगाडी दाराशीच होती. लोखंडी पट्ट्यांची, पुढे खुर्ची. मागे उभं राहून एका पायानं रेटायचं. अल्लीबाई खुर्चीत बसल्या, डबा मांडीवर घेतला, आणि मी रेटायला सुरुवात केली. उर्पो, हिल्लेवी आणि मार्टी मागून पळत होते.

चर्चकडे जाणारा रस्ता उताराचा आहे. वितळून पुन्हा गोठलेला बर्फ होता, काचेसारखा. पहिले तीनशे मीटर मी घसरगाडी रेटत होते. त्यानंतर ती मला नेत होती.

"हळू," अल्लीबाई म्हणाल्या.

"मी काहीच करत नाहीये."

"तेच म्हणते मी. काहीतरी कर."

सभागृहाचं दार डावीकडून सर्रकन गेलं. आम्ही पुढे पन्नास मीटरवर साचलेल्या बर्फाच्या ढिगात शिरलो. अल्लीबाई कमरेपर्यंत आत गेल्या, पण डबा त्यांनी डोक्याच्या वर धरला होता. मार्टीनं आणि उर्पोनं त्यांना उपटून काढलं. "पुढची मोहीम मी चालत करीन," एवढंच त्या म्हणाल्या.

आत शिरलो तेव्हा कमिटीचे पाचही जण टेबलाशी बसले होते. पाद्री लौनेला खिडकीपाशी उभे होते, हातात कॉफीचा भरलेला कप. चेहरा पांढराफटक. औनेंच्या हातात पिवळी चिठ्ठी होती.

"तीन नंबर. अंत्यविधी," त्या वाचत होत्या. "'शेवटी कुत्री खाल्ली, तिथे मला भूक लागली.'"

एका सभासदानं गंभीरपणे मान डोलावली.

त्यांनी या चिठ्ठ्या इतक्या शांतपणे ऐकल्या कशा, असं तुम्हाला वाटेल. मी नंतर विचारलं. "कोणीतरी आधी विचारेल असं प्रत्येकाला वाटलं," असं उत्तर आलं. प्रवचनाखाली 'शर्ट चार वेळा निघतो, दोनदा पुरे होता' अशी चिठ्ठी निघाली, तेव्हा चर्चचं हीटिंग जरा कमी ठेवावं अशी नोंद करून ते पुढे गेले. प्रवचनाखालच्याच 'दार लावून घ्यावं, दुसऱ्या वेळी जास्त गोडी येते' यावर मात्र पाच मिनिटं कोणीच कोणाकडे बघितलं नव्हतं.

मला ओरडून सांगायचं होतं. पण धापेनं तोंडातून नुसती वाफ निघत होती. तेवढ्यात पाद्री लौनेलांनी कप खिडकीत ठेवला.

"पुरे," ते म्हणाले. "बाकीचं मला कळलं नाही, पण ती पहिली चिठ्ठी खरी आहे. कुंडीची. मी कबूल करतो."

आमच्याकडे माणूस बोलायला लागला तर त्याला मध्येच तोडत नाहीत. तो पुन्हा कधी बोलेल याचा भरवसा नसतो. मी हात वर करून उभी राहिले, शाळेतल्यासारखी, आणि ते बोलत राहिले.

"मला कॉफी सोसत नाही," ते म्हणाले. "पोटात आग पडते. पण मी ज्या घरी जातो तिथे कॉफी तयार असते. दिवसाला सात घरं. पहिल्या आठवड्यात मी नाही म्हणायचा प्रयत्न केला. त्या बाईंचा चेहरा असा झाला की जसं काही मी त्यांच्या आईबद्दल वाईट बोललो. म्हणून एक कप कसाबसा प्यायचो आणि दुसरा, त्या स्वयंपाकघरात बन आणायला गेल्या की..."

"की काय?" औनेंनी विचारलं.

"जे जवळ असेल त्यात. फुलदाणीत. एकदा बुटात, माझ्याच. आणि तुमच्याकडे खिडकीत ती कुंडी होती."

ते झाड सगळ्या गावाला माहीत होतं. नाताळात फुलणारं निवडुंग. युद्धात घरदार सोडून निघताना औनेंच्या आईनं दोनच गोष्टी बरोबर घेतल्या होत्या, शिवणयंत्र आणि मांडीवर ही कुंडी. दर नाताळात त्याला लाल फुलं यायची. या जानेवारीत ते मेलं. हिल्लेवीनं तेव्हा औनेंना बन पाठवले होते, माणूस गेल्यावर पाठवतात तसे.

"तेव्हापासून तुमच्या घरावरून जाताना मी रस्ता बदलतो," लौनेला म्हणाले. "सांगायला तीनदा आलो. तीनही वेळा तुम्ही कॉफी ठेवली."

आता माझा श्वास परत आला होता. मी सगळं एका दमात सांगितलं. हीटर, खळ, कागद, डावीकडचा, उजवीकडचा. बर्फानं माखलेल्या अल्लीबाईंनी डबा टेबलावर ठेवला. कोणाच्याही डोळ्याला डोळा न भिडवता मी म्हणाले, "तुम्ही वाचलंत ते सगळं पुस्तकांबद्दल होतं. चूक माझी आहे. पूर्णपणे माझी."

पाद्री लौनेला माझ्याकडे वळले.

"म्हणजे कुंडी..."

"पुस्तकातली. पान दोनशे बारा. त्यात विष असतं."

"आणि शर्ट?"

"ते दुसरं पुस्तक."

ते खुर्चीत बसले. "मला वाटलं, उन्हाळ्यात तळ्याकाठी कोणीतरी मला पोहताना बघितलं."

त्यांनी फुकटच कबुली दिली होती. कोणालाही काहीही माहीत नसताना, अध्यक्षबाईंचं युद्धाच्या वेळचं झाड आपण मारलं, असं कमिटीपुढे उभं राहून त्यांनी सांगून टाकलं होतं. आणि ते माझ्यामुळे. त्या मुली दक्षिणेकडे परत चालल्यात, त्यांच्या स्की गाडीच्या टपावर बांधल्यात, असं चित्र मला स्पष्ट दिसायला लागलं. लायब्ररी सोडून मी कुठे तोंड लपवावं याचाही विचार करून झाला.

औनेंनी समोरची चिठ्ठी नीट चौकोनी घडी घालून ठेवली. मग पुन्हा उलगडली.

"कॉफी," त्या म्हणाल्या.

"हो," लौनेला म्हणाले.

"रोज नाही ना?"

"चार वेळा. फार तर पाच."

"गरम?"

"गरम."

औनेंनी डोळे पुसले. मी त्यांना ओळखते तेव्हापासून हे पहिल्यांदाच.

"दोन महिने," त्या म्हणाल्या, "मला वाटत होतं की ते मी मारलं. पाणी जास्त झालं की कमी झालं, हे मला आठवत नव्हतं. मुलगी फोनवर म्हणते, आई, आता तुझ्यानं एकटीनं होत नाही, इकडे शहरात ये. मी म्हणायचे, होतं की. आणि खिडकीकडे बघायचे. म्हटलं, जिला एक निवडुंग सांभाळता येत नाही, ती कुठल्या तोंडानं भांडणार? वाढदिवस झाला की जाईन, असं ठरवलं होतं मी." त्यांनी नाक शिंकरलं. "आणि ते कॉफीनं मेलं."

"मला क्षमा करा," पाद्री म्हणाले.

"गप्प बसा हो. माझ्या खांद्यावरून केवढा धोंडा उतरला ते तुम्हाला काय माहीत."

हिल्लेवी पुढे झाली. "त्याच झाडाची फांदी माझ्या दुकानाच्या खिडकीत आहे," ती म्हणाली. "मी दुकान काढलं तेव्हा तूच दिली होतीस. आता गुडघ्याएवढी झालीय. उद्या अर्धी तोडून आणते." आणि तिनं आपली चिठ्ठी, बारीक उतरत्या अक्षराची, टेबलावर औनेंसमोर ठेवली. "आणि ही खऱ्या डब्यातली. नाव लिहायचं नव्हतं, पण माझी आहे."

औनेंनी ती मोठ्यानं वाचली नाही. स्वतः वाचली आणि शेजारच्याला दिली. त्यानं वाचून पुढच्याला. ती चिठ्ठी टेबलाला फेरी मारून परत आली तोवर पाद्री लौनेला खिडकीबाहेर बघत होते आणि त्यांचे कान लाल झाले होते.

"यांना कायम करायचं," औने म्हणाल्या. "कोणाचं काही म्हणणं?"

"हं," पहिला सभासद म्हणाला.

"हं," दुसरा म्हणाला.

चारही "हं" झाले. आमच्याकडे यापेक्षा मोठा जल्लोष नसतो. मी जी खुर्ची दिसली तिच्यात बसले. ती कमिटीच्या चिटणिसाची होती, तोही तिच्यातच बसलेला होता, पण त्यानं काही तक्रार केली नाही. लौनेलांनी माझा हात हातात घेऊन दाबला. मला वाटतं त्यांना "धन्यवाद" आणि "पुन्हा असं करू नका" हे दोन्ही एकदम म्हणायचं होतं. औनेंनी खिडकीतला गार झालेला कप उचलला, मोरीत ओतला आणि पाद्रीसाहेबांसमोर पाण्याचा ग्लास आणून ठेवला. त्यांनी तो घटाघट पिऊन टाकला. वर्षभरात गावात त्यांनी पहिल्यांदाच काहीतरी आवडीनं प्यायलं असावं.

मग आम्ही सगळेच तिथे बसलो. उरलेले बन मार्टीच्या खिशात होते, ते निघाले. कमिटी आणि कट्टा एका टेबलाशी बसून, कोणता अभिप्राय खरा कशाबद्दल होता हे जुळवत राहिले. कुत्री खाल्ली हा प्रकार काय, हे अल्लीबाईंनी पहिल्यापासून समजावून सांगितलं, तापमानासकट. चिटणीस डोळे विस्फारून ऐकत होता. इन्स्पेक्टर साक्षीदारांकडे बसत नाही या मुद्द्यावर पाद्री लौनेलांनी त्याची बाजू घेतली. "त्याला कदाचित कॉफी चालत नसेल," ते म्हणाले, आणि उर्पो इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. उजेड उतरायला लागला तेव्हा आम्ही उठलो. मी अल्लीबाईंना घसरगाडीत बसवायला गेले, त्यांनी नकार दिला, आणि आम्ही दोघी रिकामी गाडी ढकलत चढ चढलो. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी दहाला लायब्ररी उघडली. दहा वाजून दोन मिनिटांनी फोन आला. चिटणीस.

"ते पुस्तक आहे का? दोन नंबरचं."

"प्रेमकथा?"

"शर्टाची," तो कुजबुजला.

"सध्या बाहेर आहे. नंबर लावू?"

"लाव."

दुपारपर्यंत कमिटीच्या चारही सभासदांचे नंबर लागले. प्रत्येकानं, बाकीच्यांना सांगू नकोस, असं बजावलं. दोन वाजता पाद्रीसाहेबांची बायको आली, ध्रुवमोहिमेचं पुस्तक घेतलं, दारापर्यंत गेली आणि परत येऊन तिनंही नंबर लावला. तीन वाजता औने रौताला आल्या. हातमोजे काढले नाहीत, म्हणजे घाईत होत्या.

"मला फक्त तपासायचंय," त्या म्हणाल्या, "की ते खरंच चार वेळा आहे का. कमिटीच्या नोंदवहीत चुकीचा आकडा नको."

"सहावा नंबर," मी म्हणाले.

"माझ्या आधी पाच जण आहेत? कोण?"

"गुप्तता आहे."

त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. "तुझ्याकडची गुप्तता आता सगळ्या गावाला माहीत झालीय," त्या म्हणाल्या आणि सही केली.

त्या यादीत सातवं नाव माझं आहे. हो, मी ते पुस्तक वाचलेलं नाही. फेब्रुवारीत फार कामं होती, आणि अभिप्राय तर टाकायलाच हवा होता, कल्पनाच माझी. म्हणून मी मागच्या कव्हरवरच्या चार ओळी वाचून चिठ्ठी लिहिली. पुस्तकांच्या डब्यातल्या त्या दोन नंबरच्या चिठ्ठ्यांपैकी माझी कोणती होती ते मात्र कृपा करून विचारू नका.